खण आणि साचा

जुन्या घराचा मोठेपणा सांगताना लांबी-रुंदी सांगण्याची चाल आपल्याकडे नव्हती. घर खणांत मोजीत. 'पाच खणांचे घर', 'सात खणी सोपा', 'दोन खणांत सारा संसार' ही भाषा एखाद्या वृद्धाच्या तोंडून अजूनही ऐकू येते. चोळीच्या खणाने ओटी भरणाऱ्या आणि कपाटाच्या खणात किल्ल्या ठेवणाऱ्या गृहिणीला घराचा खण म्हणजे काय, हे मात्र आता समजावून द्यावे लागेल. दोन खांबांमधली, किंवा दोन तुळयांमधली, जी जागा तिचे नाव खण. सागाची तुळई दोन टेकूंवर किती लांब टाकली तर पोटात वाकणार नाही, तिच्यावर आडव्या बसणाऱ्या कड्या किती अंतर पेलतील, याची सुताराच्या मनात पक्की खूणगाठ असे. माणूस हातपाय ताणून निजेल आणि उशापायथ्याला थोडी जागा उरेल, साधारण एवढाच तो खण. त्याहून मोठी जागा हवी असेल तर मध्ये आणखी एक खांब, त्याच्याखाली आणखी एक तळखडा, आणि पुढे आणखी एक खण.

वाड्यांवर लिहिणारे लोक या साध्या गोष्टीवरून फार लवकर पुढे जातात. चौक का, तर एकत्र कुटुंबाला मोकळी जागा हवी म्हणून. सोपा का, तर पुरुषांची बैठक वेगळी हवी म्हणून. माजघर काळोखी का, तर घरंदाज बायकांनी दृष्टीआड असावे म्हणून. यातले काहीच खोटे नाही. परंतु या सगळ्यांच्या आधी ती तुळई आहे. तुळईने घराची रुंदी दोन-तीन खणांवर बांधून टाकली की घर लांबट होणार. लांबट घर मोठे करायचे तर ते वळवावे लागणार. वळवून वळवून चार बाजूंनी आणले की मध्ये चौक उरणार. कुटुंबाने त्या चौकात तुळस लावली, पापड वाळत घातले, मुंजी लावल्या आणि मग तो चौक जणू त्याचसाठी योजला होता असे आपल्याला वाटू लागले. रीतीने दिलेली जागा जगण्याने भरून काढली, असा तो क्रम आहे. पुण्याच्या शनिवारवाड्याचे उदाहरण घ्या. १७३० मध्ये पाया घातलेला तो वाडा १८२८ च्या आगीत गेला. दगडी तट आणि जोती तेवढी राहिली. आज आपण तिथे जाऊन वैभव शोधतो ते जोत्यांत. पण वाडा म्हणजे जे होते ते खांब, तुळया आणि कडीपाट. जळले ते घर होते. उरली ती त्याची बैठक.

हे कोणाला फार सुतारकामाचे वाटत असेल तर त्याने कामट्यांचा आकाशकंदील आठवावा. त्याच्या अंगावर सगळे चौकोन आणि त्रिकोण का? कामटी सरळ असते आणि तिची टोके दोऱ्याने बांधावी लागतात म्हणून. पोटाखाली झिरमिळ्या का? कागद कापता येतो आणि वाऱ्याला हलतो म्हणून. पुढे कारखान्यातले घडीचे पुठ्ठे आले, साच्यातले प्लॅस्टिक आले, आणि कंदील चांदणीसारखा झाला, गोल झाला, कमळासारखा झाला. आवड बदलली म्हणून रूप बदलले असे आपण म्हणतो. वस्तुतः हात बदलले होते.

माझे म्हणणे एवढेच की वास्तूचे गुणदोष सांगताना आपली टीका शैलीपासून सुरू होते, ती हातापासून सुरू व्हायला हवी. साहित्यात आपण हे सहज मान्य करतो. जात्यावरच्या ओवीची लांबी जात्याच्या फेऱ्याला आणि दळणारणीच्या दमाला धरून असते, असे म्हटले तर कोणी दचकत नाही. पण इमारतीविषयी बोलताना मात्र कोण्या कल्पक पुरुषाने कागदावर एक रूप रेखाटले आणि गवंडी-सुतारांनी ते आज्ञाधारकपणे उभे केले, अशी कथा आपल्याला बरी वाटते.

यावर एक आक्षेप सुचण्यासारखा आहे, आणि तो आपल्या घाटातूनच निघतो. रूप जर रीतीतून येत असेल तर रीत गेल्यावर रूपही जायला हवे. मग भाज्याच्या लेण्यात काय चालले आहे? इसवी सनाच्या आधीच्या दुसऱ्या शतकातले ते चैत्यगृह. त्यातले दगडी खांब सरळ उभे नाहीत. आतल्या बाजूला कललेले आहेत. लाकडी मंडपाचे छत खांबांना बाहेर ढकलते, म्हणून सुतार खांब आत कलते ठेवी. पण डोंगर पोखरून केलेल्या लेण्यात छत कोणालाच ढकलीत नाही! ते डोंगराचेच पोट आहे. खांब काढून टाकले तरी ते जागचे हलण्याचे कारण नाही. तरीही खांब कललेले. कार्ल्याला तर याहून नवल: दगडी कमानछताखाली सागाच्या खऱ्या फासळ्या बसवल्या आहेत, आणि सुमारे दोन हजार वर्षे त्या तिथे टिकून आहेत. त्या काहीही पेलत नाहीत.

पंडितांनी याला लाकडी बांधणीची नक्कल म्हणून निकालात काढले आहे, आणि ते ऐतिहासिकदृष्ट्या खरेही आहे. मला मात्र त्यात नकलेपेक्षा निष्ठा अधिक दिसते. त्या कारागिरांना मंडप म्हणजे काय हे सुतारांनी शिकवले होते. फासळ्या नसलेले छत त्यांना छतच वाटले नसते. नवे व्याकरण हाती येईपर्यंत माणूस जुन्याच व्याकरणात बोलतो. आपल्या पहिल्या मराठी गद्यग्रंथांत संस्कृतची आणि पुढे इंग्रजीची वाक्ये कशी मराठी वेष घालून वावरत, ते ज्यांनी वाचले असेल त्यांना भाज्याचे खांब परके वाटू नयेत. म्हणजे आक्षेप खरा असला तरी तो माझ्या मताला मारक नाही. उलट रीत मनात किती खोल बसते, याचाच तो पुरावा आहे.

वेरूळच्या कैलासात हीच गोष्ट फार भव्य प्रमाणात दिसते. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात हे देऊळ वरून खाली कोरीत आणले, हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. त्याचा परिणाम काय झाला याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. देऊळ रचणाऱ्याचा सगळा जीव वजन उचलण्यात जातो. शिखराचा दगड चढवायचा म्हणजे उतरंड, परांची, बैल, माणसे. कैलासात उचलणे हा प्रश्नच उरला नाही. शिखर आधी झाले, तेही पायाखालच्या खडकावर उभे राहून. म्हणून वरचे कामही खालच्या इतकेच निवांत हाताचे आहे. पण उचलण्याची भीती गेली तिथे दुसरी आली. रचणाऱ्याचा एक दगड बिघडला तर तो दुसरा आणतो. कोरणाऱ्याला चुकलेला छिन्नीचा घाव परत घेता येत नाही. आणि एवढे करूनही त्यांनी कोरले काय, तर थरावर थर रचलेल्या दक्षिणी देवळाचे रूप. जिथे एकही थर नाही तिथे थर.

इथवर सगळा कारभार हातांचा. माणसाच्या जागी यंत्र आले तेव्हा काय झाले, हे पाहायला मात्र सातासमुद्रापलीकडे जावे लागते. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी हाइड पार्कमध्ये जो काचेचा प्रासाद उभा राहिला तो जोसेफ पॅक्स्टन याचा. हा गृहस्थ मुळात माळी. चॅट्सवर्थच्या बागेत झाडांसाठी काचघरे बांधता बांधता तो इथवर आला. त्याने आपल्या प्रासादाचे माप ना ग्रीक देवळावरून घेतले ना गॉथिक चर्चवरून. त्या वेळी कारखान्यातून मोठ्या संख्येने मिळू शकणारी काच होती ४९ इंच लांब आणि १० इंच रुंद. अशा दोन काचा एकमेकींना टेकवून उभ्या केल्या की पाख्यांची एक घडी आठ फुटांची होई. आठ त्रिक चोवीस, म्हणून खांब चोवीस फुटांवर. आणि चोवीसाचे सत्त्याहत्तर खण मिळून सगळी इमारत १८४८ फूट. साल १८५१ म्हणून लांबीही १८५१ फूट, असे उत्साही लोक सांगत असत. तीन फूट कमी पडले, कारण काचेचे माप सनावळीला जुमानीत नव्हते. आपल्या वाड्याचा आणि या प्रासादाचा व्याकरणाचा धडा एकच आहे. तिथे खण तुळईने ठरवला, इथे काचेने.

त्या प्रासादाच्या कामात ज्याचा हात होता त्या रोलंड मेसन ऑर्डिश या इंजिनिअरने पुढे मुंबईसाठी एक इमारत आखली. काळा घोड्याजवळची ही वॉटसन हॉटेलची इमारत. १८६० नंतरच्या दशकात तिचे बिडाचे खांब आणि तुळया इंग्लंडात ओतल्या गेल्या, जहाजातून इथे आल्या आणि जुळवून उभ्या केल्या गेल्या. लोखंडी सांगाडा बाहेरून उघडा, मध्ये विटांची भर. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंचा सिनेमा भारतात प्रथम दाखवला गेला तो इथेच, त्यामुळे तिचे नाव इतिहासात राहिले. मला त्या इमारतीत रस आहे तो वेगळ्याच कारणाने. तिच्या आसपास त्याच सुमारास उठलेल्या दगडी गॉथिक इमारती आजही दिमाखात आहेत. ही मात्र पुढे खोल्याखोल्यांनी भाड्याने दिली गेली, खंगत गेली, आणि २००५ साली तिच्या सज्जाचा भाग कोसळला. भाडेकरू, मालक, कायदे यांचा दोष आहेच. पण बांधणीचाही आहे. वाड्याचा खांब कुजला तर गावचा सुतार टेकू देऊन तो काढतो आणि दुसरा बसवतो. दगड निखळला तर पाथरवट आहे. बिडाचा खांब तडकला तर कोणाकडे जायचे? ज्या ओतशाळेत तो ओतला ती हजारो मैलांवर, आणि त्याचा साचा केव्हाच मोडलेला. इमारत इथे आली, तिचे कसब आले नाही.

येथे माझा मुद्दा थोडा पुढे सरकतो. बांधण्याची रीत घराचे रूप ठरवते, हे तर झालेच. पण त्या घरात पुढे हात घालण्याचा अधिकार कोणाला, हेही तीच ठरवते.

यंत्र आले की हा अधिकार जातोच असे मात्र नाही, आणि मंगलोरी कौल ही त्याची साक्ष आहे. बाझेल मिशनने १८६५ मध्ये मंगलोरजवळ जेप्पू येथे कौलांचा कारखाना काढला. कौलाच्या पोटावर कारखान्याचे नाव आणि साल उठवलेले असे. त्याआधी कोकणात होती ती कुंभाराच्या हातची नळीची कौले. ती नुसती एकमेकांवर ठेवलेली. वारा, माकडे आणि मांजरे त्यांना हलवीत, म्हणून दर पावसाळ्यापूर्वी घर शाकारावे लागे. यंत्रात दाबलेल्या नव्या कौलाला खाचा होत्या. एक कौल दुसऱ्यात अडके आणि मागच्या बाजूने रिपेवर बसे. घरमालकाला वाटले, कौल बदलले. खरे तर छपरातले सगळे लाकूडकाम बदलले. पूर्वी सुतार वासे आणि रिपा नजरेच्या अंदाजाने ठोकी. वासा वाकडा असला तरी नळे सांभाळून घेत. आता दोन रिपांमधले अंतर कौलाच्या मापाने ठरू लागले, पाखे सरळ झाले, आढे रेषेसारखे उतरले. कोकण-गोव्यातल्या ज्या लाल, नीटस छपरांची चित्रे आपण दिनदर्शिकांवर हौसेने लावतो, त्यांचा नीटसपणा त्या यंत्राच्या दाबाचा आहे. आणि तरीही एक कौल फुटले तर शिडी लावून तेवढेच बदलता येते. ते काम घरातला मुलगाही करतो. कारखान्याची वस्तू असून ती घराच्या हाताबाहेर गेली नाही. काळोख्या स्वयंपाकघरात कौलाच्या जागी एक काचेचे कौल बसवून उजेड आणण्याची युक्ती तर कारखान्याच्या मापातच राहून घराने साधलेली सोय आहे.

मग सिमेंट काँक्रीट आले. त्याच्याविषयी एक गोष्ट नेहमी नजरेआड होते. दगडाला रेघ असते, लाकडाला शीर असते, लोखंडाला लवचीकपणा असतो. काँक्रीटला स्वतःचे रूपच नाही. ते ओतावे लागते आणि ज्या साच्यात ओतावे त्याचे होऊन बसते. म्हणजे काँक्रीटची इमारत ही खरे पाहता दोनदा बांधावी लागते. एकदा फळ्यांची, मग काँक्रीटची. आणि पहिली मोडून टाकावी लागते. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर आणि शिवाजी पार्काच्या आसपास १९३० नंतर ज्या इमारती उठल्या, त्यांचे गोलसर सज्जे आणि खिडक्यांवरची लांब छज्जी पाहून लोक बोटींची आठवण काढतात. ही सगळी करामत सळईची आणि साच्याच्या सुताराची. छज्जाला खालून टेकू लागत नाही तो पोटातल्या सळईमुळे, आणि कोपरा गोल होतो तो सुताराने फळ्या गोल बसवल्या म्हणून. चंडीगडला ल कॉर्बुझिए याने फळ्यांचे वण भिंतींवर तसेच राहू दिले. काहींना ते ओबडधोबड वाटते. मला तो प्रामाणिकपणा आवडतो, जरी घरात बसून रोज पाहण्याजोगा तो आहे असे मी म्हणणार नाही.

साचा माणसाच्या प्रतिभेलाही कसा वळण लावतो याची जगातली सर्वांत प्रसिद्ध कथा सिडनीच्या ऑपेरा हाउसची. १९५७ मध्ये डॅनिश वास्तुकार यॉर्न उट्झन याच्या आराखड्याला पारितोषिक मिळाले तेव्हा ती शिडासारखी छपरे मोकळ्या हाताने काढलेली होती. दिसायला अप्रतिम, पण प्रत्येक छपराचा बाक निराळा, म्हणून प्रत्येक तुकड्याला निराळा साचा. कित्येक वर्षे इंजिनिअर आकडेमोड करीत राहिले. शेवटी १९६१ च्या सुमारास उट्झनने सगळी शिडे एकाच काल्पनिक गोलाच्या पाकळ्या आहेत असे ठरवले. गोलाची त्रिज्या सुमारे २४६ फूट. बाक सगळीकडे एकच झाला, म्हणून थोडक्या साच्यांत असंख्य तुकडे ओतता येऊ लागले. इमारत १९७३ मध्ये खुली झाली. 'कल्पना आधी, रीत मागाहून' असे म्हणणाऱ्यांचे हे लाडके उदाहरण. ते असे विसरतात की आज आपण पाहतो ती छपरे पहिल्या चित्रातली नाहीत. मुक्तछंदात सुचलेली कविता वृत्तात आल्यावर पुरी झाली, आणि माझ्या मते पहिल्या चित्रापेक्षा ती सरस उतरली.

आता आपल्या दाराशी येऊ. गेल्या काही वर्षांत मुंबई, ठाणे, पुणे या भागांत जे उंच मनोरे उठत आहेत, त्यांतल्या पुष्कळांत फळ्यांची जागा ॲल्युमिनियमच्या साच्यांनी घेतली आहे. बांधकामावरचे लोक एका कंपनीच्या नावावरून त्याला 'मिवान' म्हणतात. एक माणूस उचलील एवढ्या वजनाचे पत्र्याचे तुकडे पिनांनी जोडून सगळ्या मजल्याचा साचा उभा करतात, आणि भिंती व स्लॅब एकदमच ओततात. विटा नाहीत, गिलावाही फारसा नाही. साचा उतरवला की तोच वरच्या मजल्यावर. हा साचा महाग असतो, पण शंभराहून अधिक वेळा वापरता येतो. आणि जितक्या अधिक वेळा वापरावा तितका तो स्वस्त पडतो. विसाव्या मजल्यावरचे स्वयंपाकघर तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराची तंतोतंत प्रत का असते, समोरासमोरच्या दोन इमारती जुळ्या का दिसतात, याचे उत्तर वास्तुकाराच्या कल्पनादारिद्र्यात शोधू नये. ते साच्याच्या हिशेबात आहे.

या रीतीला नावे ठेवणे सोपे आहे, आणि अन्यायाचेही. भिंती सरळ येतात, घर लवकर मिळते, भूकंपात अशी इमारत चांगली टिकते. वर्षानुवर्षे भाड्याच्या खोलीत काढलेल्या कुटुंबाला लवकर मिळालेले घर म्हणजे काय, हे सौंदर्यशास्त्राने त्यांना सांगू नये. परंतु या घरातली प्रत्येक भिंत खांब आहे. कालपर्यंतच्या काँक्रीटच्या घरात भार खांब-तुळयांवर असे आणि भिंत विटांची भर असे. म्हणून आपण बाल्कनी आत घेतली, स्वयंपाकघर आणि बैठक यांच्यामधली भिंत पाडली, मुलाच्या लग्नाआधी एका खोलीच्या दोन केल्या. नियमांत बसणारे किती आणि न बसणारे किती, तो भाग वेगळा. पण कुटुंब वाढले की घर थोडे हलत असे. ओतलेली भिंत हलत नाही. तिला दार पाडता येत नाही. सहा इंचांच्या आसपासच्या जाडीत देवळी बसत नाही, कोनाडा बसत नाही, फडताळ तर दूरच. साधा खिळाही हातोडीने शिरत नाही. कंदिलाच्या हुकासाठीसुद्धा यंत्र घेऊन येणाऱ्या माणसाची वाट पाहावी लागते. घरात किती माणसे असतील, ती कुठे बसतील, आजी कुठे निजेल आणि आजारी माणसाला उजेड कुठून येईल, हे सगळे ओतण्याच्या दिवशी एकदाच ठरते, आणि ठरवणाऱ्याने त्या माणसांना पाहिलेले नसते.

साच्याच्या घरात यापेक्षा बरे काही करता येणार नाही असे मुळीच नाही. मंगलोरी कौलाने ते करून दाखवले आहे. साचा आखतानाच दोन-तीन भिंती भाररहित ठेवून तिथे हलक्या विटांची भर घालणे, पुढेमागे दार लागेल तिथे ओततानाच मोकळीक सोडून ती भरून घेणे, खुंट्यांसाठी लाकडी पट्टी बसवायला खाच ठेवणे, यात आकाशपाताळ एक करण्यासारखे काही नाही. पण त्यासाठी घर घेणाऱ्याने नमुना-घरातल्या फरशीचा रंग विचारण्याआधी 'यातली कोणती भिंत माझी?' हे विचारायला हवे. आमच्या टीकाकारांनीही मनोऱ्याच्या दर्शनी भागावरची काच आणि रंग यांचे कौतुक किंवा निंदा बाजूला ठेवून तोच प्रश्न विचारावा. दर्शनी भाग हा त्या घराचा सर्वांत वरवरचा भाग आहे.

वाडे पडू लागले तेव्हा त्यांचे साग जुन्या लाकडाच्या बाजारात गेले. तिथे अजूनही तुळया रचून ठेवलेल्या दिसतात; त्यांच्या टोकांना खांबात बसणारी कुसे तशीच असतात. कोणी त्यांचा दरवाजा करतो, कोणी पलंग, कोणी नव्या बंगल्याच्या ओसरीला दोन खांब लावतो. ओतलेली इमारत जेव्हा पाडली जाते तेव्हा तिच्यातून सळ्या ओढून काढून भंगारात विकतात. बाकीचा चुरा भरावाला जातो.